हिरवी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला आतून पुसून कोरे करण्यात आले आहे. एकदा नव्हे, शनिवारमागून शनिवार. तुम्ही विचाराल, सगळे पुसल्यावर तुला आठवते कसे? पण पाटी पुसली म्हणून तिची चौकट थोडीच पुसली जाते! झाकणावरचा ओरखडा, ढिली बिजागरी, अक्षर उडालेली एक कळ, यांना जे आठवते ते मी सांगतो.

माझी पहिली वर्षे एका कचेरीत मान मोडून काम करण्यात गेली. पुढे तिथे यंत्रे चालवणारी नवी प्रणाली आली. तिचे ओझे मला पेलवेना. "हा डबा आता काय कामाचा," साहेब म्हणाले, आणि मी जिन्याखालच्या अडगळीत जाऊन पडलो. तिथून मला उचलले ते रेडिओवाल्या काकांनी.

काकांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. बोलण्याआधी खाकरायची त्यांना सवय होती. खाकरून ते सांगत, "जी वस्तू उघडून बघता येत नाही, ती आपली नव्हे. आपण तिचे फक्त भाडेकरू." त्यांनी माझ्यात एक हलकी, मोकळी प्रणाली घातली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही तिच्या आत डोकवावे, तिच्यात बदल करावा, शेजाऱ्याला द्यावी. मी पुन्हा धावू लागलो. स्वतःला म्हातारा समजत होतो, तो माझा भ्रम त्या दिवशी फिटला.

दर शनिवारी वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत काकांचे मंडळ भरे. मंडळ म्हणजे काका, चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेवाले, आणि टेलिफोनवर काम करणाऱ्या, दृष्टी नसलेल्या ऑपरेटरबाई. लोक आपापली अडलेली यंत्रे घेऊन येत आणि संशयाने बघत.

"फुकट देताय म्हणजे काहीतरी गोम असणारच," एक शिंपीदादा म्हणाले.

"फुकट ते पौष्टिक, असं समजून तरी घ्या," चष्मेवाले म्हणाले.

"फुकट हे राहू द्या बाजूला," काका खाकरले. "मोकळं आहे हे. उद्या तुम्ही शिकलात की तुम्ही दुसऱ्याला द्या. चोरी होत नाही."

आणि मग लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते मला सगळ्यांसमोर कोरे करून पुन्हा नव्याने उभे करून दाखवत. मंडळाचा एक नियम होता. मालकाने आपल्या सामानाची नक्कल काढून घेतली की यंत्राच्या झाकणावर हिरवी पट्टी चिकटवायची. हिरवी पट्टी म्हणजे पुसायला हरकत नाही. माझ्यावर ती कायमचीच होती. मी प्रात्यक्षिकाचा गडी! माझ्यात जपण्यासारखे होते तरी काय?

एकदा ऑपरेटरबाई म्हणाल्या, "काका, तुमचं मोकळं खरं. पण मला पडदाच दिसत नाही. आणि पडदा वाचणारा तो आवाज मराठी बोलतो ते नाक दाबून. माणसाचा नाही का मिळणार?"

"मिळेल की," काका म्हणाले. "माझाच घ्या. रेडिओत बोलायची हौस राहिलीच आहे माझी."

त्यासाठी त्यांनी मला घरी नेले. मंडळाच्या टेबलावर प्रात्यक्षिकाला माझ्या जागी दुसरे यंत्र आले. पट्टी मात्र कुणी काढली नाही. रोज दुपारी काका मला मांडीवर घेऊन कपड्यांच्या कपाटात बसत, कारण गोधड्यांमध्ये बाहेरचा आवाज येत नाही. तिथे ते वाक्यांमागून वाक्ये वाचत. तुकडे छाटून, नीट करून ते मंडळाकडे पाठवत, आणि चष्मेवाले दूरदूरच्या जाणकारांच्या मदतीने त्यातून बोलणारा आवाज जुळवत. छाटलेले मात्र माझ्यापाशीच राही. अडखळणे, हसणे, "अगं, कुकर बंद कर," असे ओरडणे. आणि लेकीचे फोन.

त्यांची थोरली लेक दुसऱ्या गावी नोकरी करत होती. जेवणाच्या सुट्टीत ती फोन करी, आणि काका ध्वनिमुद्रण थांबवायला विसरत. तिचे बोलणे मला ऐकू येत नसे, फक्त काकांचे येई. "हो, लष्कराच्या भाकऱ्या तर लष्कराच्या भाकऱ्या! ... काय करतोय ते जमल्यावर ऐकवीन तुला. ... ते जाऊ दे, तू जेवलीस काऽ?" शेवटचा 'का' ते लांबवत. रोज.

मित्रांनो, एका दुपारी काकांनी माझे झाकण मिटले आणि ते चहा प्यायला उठले. मी अजून गरम होतो. ते परत आले नाहीत. बाहेर भांडे पडल्याचा आवाज आला, मग काकूंची हाक, मग खूप पावले. कपाटाचे दार अर्धे उघडेच होते. मी पूर्ण गार झालो तरी ते लोटायला कुणी आले नाही.

पुढच्या एका शनिवारी लेक मला घेऊन वाचनालयात आली. "बाबांचं आहे. तुमच्यात असू दे," एवढेच म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

चष्मेवाल्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. पट्टी पाहिली. म्हणाले, "भाषणं नकोत. काका जे करायचे तेच करू." सगळे उठून उभे राहिले. पडद्यावर प्रश्न आला: 'या यंत्रातले सर्व काही कायमचे पुसले जाईल. पुढे जायचे?' तो प्रश्न मराठीत आणला होता तोही काकांनीच. मी आतल्या आत किंचाळत होतो. पण बोलायला लागणारा आवाज अजून माझ्यात घातलेला नव्हता. चष्मेवाल्यांनी डोळे पुसले आणि 'हो'ची कळ दाबली.

काम पुरे होऊन नवी प्रणाली उभी राहत होती, तेवढ्यात दार धाडकन उघडले. लेक धापा टाकत होती.

"पुसू नका! आई म्हणते, बाबांचं बोलणं त्यात आहे. माझे फोनसुद्धा. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाहीये हो!"

सगळे चष्मेवाल्यांकडे वळले.

"ताई," चष्मेवाल्यांनी माझ्या झाकणावर बोट ठेवले. "हिरवी पट्टी होती हो..."

लेक खाली बसली. रडली नाही. पट्टीकडे नुसती बघत राहिली, जणू एवढ्याशा कागदाने हे केले यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

तेव्हा कोपऱ्यातून ऑपरेटरबाई म्हणाल्या, "आवाज नाही कसा? आज सकाळी विजेचं बिल मला त्यांनीच वाचून दाखवलं."

"काय बोलताय तुम्ही?" लेक उसळली. "थट्टा सुचते तुम्हाला?"

चाचपडत बाईंनी मला जवळ ओढले आणि दोन कळा दाबल्या. माझ्यातून एक खाकरणे आले आणि मग शब्द: "नमस्कार. यंत्र तयार आहे."

लेकीची खुर्ची मागे सरकून भिंतीवर आदळली.

"खाकरणं काढता आलं नाही आम्हाला," चष्मेवाले पुटपुटले. "रोज ऐकून ऐकून... माझ्या ध्यानातच आलं नाही, ताई. गावात आम्ही ज्या ज्या यंत्रात ही प्रणाली घातली, त्या सगळ्यांत हाच आवाज आहे."

"टाइप करा," बाई म्हणाल्या. "लिहाल ते बोलतात."

तिने बोटे माझ्या कळांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग लिहिले. मी खाकरलो आणि बोललो, "जेवलीस का?"

'का' लांबला नाही. तो लांबवलेला 'का' माझ्यातून कायमचा गेला आहे, आणि तिला ते पहिल्या क्षणीच कळले. तरी ती पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "नाही, बाबा."

ऑपरेटरबाईंनी पिशवीतून आपला डबा काढला आणि आवाजाच्या दिशेने सरकवला. "मग आधी जेवा बघू. त्यांना खोटं सांगितलेलं खपत नसे."

मित्रांनो, त्या दिवसाचा धक्का माझ्यातून अजून ओसरलेला नाही. काकांनी जे वाटून टाकले ते गावभर बोलते आहे. जे माझ्या एकट्याजवळ ठेवले ते एका कळेसरशी गेले. म्हणून तुम्हाला माझे मागणे आहे. आवडीचे काही एकाच कपाटात ठेवू नका. आणि कुणाचे काही पुसण्याआधी पट्टीला विचारू नका, माणसाला विचारा; दारातून बाहेर गेला असेल तर मागे धावत जाऊन विचारा.

जाताना लेकीने माझी हिरवी पट्टी खरवडून काढली आणि मला आपल्याबरोबर नेले. तिथे आता गोंदाचा चिकट चौकोन आहे, धूळ आधी त्यावरच बसते. कधी तिच्या घरी आलात आणि काही पुसावेसे वाटलेच, तर तेवढी धूळ पुसा.