शेगडी आणि चौथं कडवं

आईने ते सांगितलं शेगडीकडे बघत, लेकीकडे नाही.

"उद्यापासून सकाळची प्रार्थना सोडते म्हणते. नेम धरायचा तर पुरा धरावा, अर्धवट काय कामाचा?"

लेक सुट्टीला माहेरी आली होती. आईचा नेम तिला पाठ होता. विजेच्या शेगडीवर चहाचं पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत चार कडवी म्हणायची. चौथं कडवं संपायला आणि पाणी खळखळायला एकच गाठ पडायची. मग आतून बाबा म्हणायचे, "देवाने ऐकलं बरं का, आता आमच्या चहाचं बघा."

बाबा गेले. आता तिसरं कडवं संपतं न संपतं तोच पाणी उकळायचं.

"जीभ जड झाली माझी," आई म्हणाली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते काय उगीच?"

"म्हण बघू एकदा," लेक म्हणाली.

आईने म्हटलं. कुठे अडखळली नाही, लय सोडली नाही. अगदी पूर्वीसारखं.

लेकीने माळ्यावरून बाबांची हत्यारांची पेटी काढली. शेगडी उपडी केली. तळाला बाबांच्या हातची रंगातली अक्षरं होती: २२० व्होल्ट, ४ अँपिअर. लहानपणी आपल्या वीजदुरुस्तीच्या दुकानात तिला स्टुलावर बसवून ते हेच विचारायचे.

"दोनशेवीसला चारने भाग."

"पंचावन्न ओहम."

"आता गुण."

"आठशेऐंशी वॅट."

"शाब्बास. भागाकाराने तारेचा वीज अडवायचा हट्ट कळतो, गुणाकाराने तिची ताकद."

लेकीने पेटीतल्या मीटरने आधी व्होल्ट मोजले. दोनशेवीसच होते, तिथे काही बदल नव्हता. मग शेगडीच्या वायरीत मीटर जोडला. काटा चारवर थांबलाच नाही, साडेपाचवर गेला. तिने तोंडातल्या तोंडात भागलं: चाळीस ओहम. गुणलं: बाराशेदहा वॅट.

"आई, हिची तार कोणी दुरुस्त केली?"

"कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने. तुटली की जळका तुकडा काढून टाकतो, उरलेली ताणून बसवतो. भला माणूस आहे हो."

"भला आहे, पण दरवेळी तार आखूड होत गेली. तार आखूड झाली की तिचा हट्ट कमी, मग वीज जास्त घुसते आणि शेगडी जास्त तापते. तू कुठे मंद झालीस? हीच उतावळी झालीय."

आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुझ्या आत्यासारखी. वय झालं तशी तापट."

पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली बाबांची कोरी तार निघाली, अख्ख्या लांबीची. लेकीने ती खाचेत बसवली. काटा चारवर येऊन गपगुमान थांबला.

सकाळी आईने पाणी ठेवलं, हात जोडले. लेक आतल्या खोलीत कान देऊन बसली. तिसरं कडवं संपलं, पाणी नुसतंच कुजबुजत होतं. चौथं सुरू झालं. आईने शेवटची ओळ संपवली, आणि पातेलं खळखळलं.

आई थांबली होती. कशासाठी, ते लेकीला कळलं. तिने घसा खाकरला.

"देवाने ऐकलं बरं का, आता आमच्या चहाचं बघा."

"बघते हो," आई म्हणाली. "तुम्हाला जरा म्हणून दम नाही."