गोदूबाई बसते

स्पर्धा होती मोबाईलवरची. तिला ना मैदान, ना मांडव. देशोदेशीच्या कॉलेजांतली पोरं आपापल्या जागी बसून भाग घेणार, जगाला छळणारं एखादं दुखणं निवडणार, त्यावर उपाय काढणार आणि त्या उपायाचा धंदा कसा उभा राहील हे पडद्यावर मांडणार. पोलादपूरच्या डोंगरातल्या बौद्धवाडीतून प्रियदर्शिनीने त्यात नाव घातलं, तेव्हा तिची आत्या गोदूबाई म्हणाली, "जगाचं दुखणं शोधायला लांब कशाला जातेस गो? घरातला हंडा रिकामा हाय, तो बघ आधी."

आत्याने टोमणा मारला, पण पोरीने तो उचलला.

वाडीत नळ आले होते. पण माघ सरला की नळ नुसते खोकायचे. मग सगळ्या बायका खालच्या घळीतल्या झऱ्यावर. झरा आटत नाही, पण तिथून वर यायला उभी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेला आणखी एक. गोदूबाई त्या वाटेने नवरी म्हणून चढली होती आणि नवरा गेल्यावरही चढत होती. गुडघे बोलायला लागले तरी वाट काही सुटली नव्हती.

प्रियदर्शिनी महाडच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या वर्गात पलीकडच्या डोंगरावरचा साहिल होता. दोघांनी बिरवाडीच्या भंगारवाल्याकडून सायकलची चाकं आणली, कप्प्या आणल्या, तार आणली आणि झऱ्यापासून वाडीपर्यंत एक फिरती तार ओढली. खाली हंडा आकड्याला अडकवायचा, खूण म्हणून तारेला दोन हिसके द्यायचे. वरती दगडावर बसलेल्या बाईने पेडल मारायचं. हंडा डुलत डुलत आपला आपण वर येतो. रायगडावर पर्यटकांचा रोपवे आहे, तसा हा हंड्यांचा. पहिल्या दिवशी अर्धं पाणी सांडलं आणि सगळी वाडी हसली. दुसऱ्या दिवशी हंड्यांना झाकणं बसली. होळीपासून पाखाडीवर डोक्यावर हंडा दिसेनासा झाला.

असल्या तारा वाडीवाडीला बांधून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. स्पर्धेत नंबर आला तर वर्कशॉप काढायला पैसा आणि जाणती माणसं मिळणार होती. नाही आला तर परीक्षा झाली की प्रियदर्शिनी मुंबईला मावशीकडे जाणार आणि एखाद्या दुकानात उभी राहणार, हे घरात ठरलं होतं. वाडीतली पोरं एकेक करून तशीच गेली होती. गोदूबाईला मूलबाळ नव्हतं. भावाची ही पोर लहानपणापासून तिच्याकडेच, अंगाखांद्यावर वाढलेली. नंबर यावा असं पोरीला वाटत होतं, त्याहून जास्त आत्याला.

शेवटच्या फेरीआधी एक व्हिडिओ पाठवायचा होता. स्पर्धेकडून नेमलेल्या पुण्याच्या सारिका मॅडम त्यांना फोनवरून वाट दाखवायच्या. मॅडम मनाने चांगल्या, पण त्यांना घाई फार. त्या म्हणाल्या, "यंत्र दिसतंय, पण दुःख दिसत नाही. आधी किती हाल होते ते दाखवा. एखादी म्हातारी बाई, अनवाणी, डोक्यावर हंडा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

म्हातारी बाई म्हणजे कोण, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई तयार होऊन आली. हंडा चिंचेने घासून लखलखीत केलेला, अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं, केस चापून बसवलेले. प्रियदर्शिनीने कपाळाला हात लावला.

"आत्ये, हे काय नेसलीस? हे तर तू तळ्यावर जाताना नेसतेस."

"मग? दर मार्चला महाडला जाते ती कशासाठी? पाण्यासाठीच ना? आज पण पाण्याचंच काम हाय."

साहिल मोबाईल उगाच पुसत बसला. शेजारची आवडी ओट्यावरून ओरडली, "गोदे, तुला रडायचं हाय, लग्नाला नाय जायचं!"

"तू रड की गो. तुला सवय हाय."

"मला कोण घेतोय फोटूत? मी दिसते पाटलिणीसारखी!"

प्रियदर्शिनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्ये, ते जुनं विटकं हाय ना, ते नेसशील? आणि चपला काढशील? एकदाच."

गोदूबाईने पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे जागरणाने सुजलेले. मनात आलं, मी बापडी अशी जगापुढे जाणार. कुठल्या कुठल्या देशांतले लोक बघणार आणि चुकचुकणार. गोदूबाईला बापाने एकच शिकवलं होतं, पाणी मागायचं नाही, घ्यायचं. पण मग मुंबईच्या दुकानात उभी राहिलेली पोर डोळ्यांपुढे आली. गोदूबाई घरात गेली आणि विटकं लुगडं नेसून, अनवाणी बाहेर आली.

साहिल पाखाडीच्या वळणावर मोबाईल धरून बसला. आवडीला चाकाजवळ बसवून सांगितलं, तोंड बंद ठेव, मध्ये येऊ नकोस. गोदूबाई घळीत उतरली. हंडा बुडवला, भरला. गार पाणी मनगटावरून ओघळलं. कमरेत वाकून तिने हंडा उचलला, अर्धा वळसा घेतला, आकड्याला अडकवला, झाकण दाबलं आणि तारेला दोन हिसके दिले.

वर आवडीचे पाय पेडलवर होतेच. हिसका लागला तसे ते फिरले. चाक करकरलं आणि घासलेला हंडा उन्हात चमकत निघाला.

गोदूबाई दोन्ही हात रिकामे हलवत पाखाडी चढू लागली. वळणावर साहिलचं तोंड उघडं पडलेलं पाहिलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"अरे देवा! हंडा डोक्यावर घ्यायचा होता नाय का?"

वरून आवडी ओरडली, "आला गो हंडा! उतरवू का?"

"तुला कोणी सांगितलं पेडल मारायला?"

"तू हिसका दिलास ना!"

प्रियदर्शिनी खाली बसली आणि पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. हसणं सरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "चला, परत घेऊ."

गोदूबाई पुन्हा दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मघाशी पोरीसाठी म्हणून मन घट्ट केलं होतं. पण आता पायच जाईना.

"पिये, आता नाय जमायचं. हाल होते ते होते. ते सरले म्हणूनच तर तुझी तार चांगली ना? सरलेलं दुखणं मी कुठून आणू?"

पोरीने एकदा त्या तारेकडे पाहिलं. मग साहिलला म्हणाली, "जे झालं, तेच पाठव."

मॅडमना ते आवडलं नाही. पण शेवटच्या फेरीचं बोलावणं आलं.

फेरीच्या दिवशी गोदूबाई एसटीने महाडला गेली. पांढरं लुगडं नेसून गेली आणि कोणी काही म्हटलं नाही. कॉलेजच्या खोलीत मोठा पडदा, त्यावर चौकटी चौकटींतून परीक्षक, एका चौकटीत मॅडम. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "वाचलेल्या वेळात काय करता असं विचारतील. शिवणकाम करते म्हणा, चार पैसे मिळतात म्हणा. त्याशिवाय धंदा दिसत नाही."

प्रियदर्शिनी इंग्रजीत बोलली, साहिलने तार समजावली. मग एका चौकटीतल्या काळ्यासावळ्या, पिकल्या केसांच्या बाईने तेच विचारलं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातली ती. प्रियदर्शिनीने प्रश्न मराठीत सांगितला.

गोदूबाईने विचार केला. शिवणकाम म्हणायला जीभ उचलेना. सुईत दोरा ओवायचा तरी तिला आवडी लागायची.

"बसते," ती म्हणाली.

"आत्ये..."

"बसते म्हण. माझी आय जलमभर बसलेली मी बघितली नाय. मी बसते."

प्रियदर्शिनीने मॅडमच्या चौकटीकडे एकदा पाहिलं. मॅडम डोळे मोठे करून मान हलवत होत्या. पोरीने आत्या जे बोलली तेच, तितकंच, इंग्रजीत सांगितलं.

त्या बाईने विचारलं, कुठे बसतात?

"चाकाजवळच्या दगडावर. तिथून खाली सावित्रीचं पात्र दिसतं."

बाईने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

नंबर आला नाही. कळवलं ते असं, की कल्पना चांगली आहे, पण त्यातून बायकांची कमाई कशी वाढते ते दिसत नाही. प्रियदर्शिनी संध्याकाळी चाकापाशी आली तेव्हा आत्या दगडावर बसली होती. पोर शेजारी टेकली.

"मी शिवणकाम म्हटलं असतं तर आला असता नंबर."

"आला असता. मग मला शिवणकाम करावं लागलं असतं गो."

पोरीला हसू आलं आणि रडूही. गोदूबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. खाली सावित्री वाळूतून बारीक धारेने चालली होती. मुंबईचं नाव दोघींनीही काढलं नाही.

तेवढ्यात पाखाडीवरून साहिल येताना दिसला. त्याच्यामागे त्याच्या वाडीतल्या दोन बायका आणि एक म्हातारा. बायकांनी तार हाताने ओढून पाहिली, पेडल फिरवून पाहिलं. म्हातारा म्हणाला, "आमचा झरा याहून खोल हाय. पोचेल का तार?"

प्रियदर्शिनीने डोळे पुसले. "बघायला यावं लागेल," ती म्हणाली. "आणि बांधायची तर पावसाच्या आत बांधायला हवी."

"आम्ही वाडी मिळून वर्गणी काढतोय. तुम्ही या तर खरं."

त्यांतली एक बाई गोदूबाईपाशी येऊन उभी राहिली. वयाने तिच्याएवढीच, मान हंडे वाहून वाहून दबलेली.

"साहिल सांगतो ते खरं? तुम्ही नुसत्या बसता हितं?"

गोदूबाई दगडावरून थोडी सरकली.

"बसून बघ की," ती म्हणाली.