लिलीच्या दांड्यावरचा टॅग

नूर मोहम्मदने लाल पुठ्ठ्याचा टॅग सुतळीने लिलीच्या शेवटच्या दांड्याला बांधला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. टॅगवर छापलेलं होतं : ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ खाली त्याने पेनने तारीख घातली होती.

वीज केंद्रात तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाचा यावर भरवसा होता. व्हॉल्व्ह खोलला की टॅग लटकवायचा. ज्याने लटकवला त्यानेच काढायचा. टॅग असला की साहेबसुद्धा बोट लावत नसे.

पण ऊर्जानगरच्या त्याच्या क्वार्टरसमोर टॅगचं कोणी ऐकत नव्हतं. सकाळी चार नारिंगी फुलं मोजून तो दुपारच्या ड्यूटीला जाई. दुसऱ्या सकाळी दांडा असे, टॅग असे, फूल नसे. शेजारी दोन-तीन नवी उमललेली असत. पुढच्या सकाळी तीही गायब.

लिली नजमाची, त्याच्या बायकोची. ती जाऊन चार महिने झाले होते. तिच्या हयातीत त्याने तिकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता नागपूरहून मुलीचं, तहसीनचं, पत्र आलं होतं : शनिवारी येते, अम्मीची फुलं पाहायची आहेत. आणि बहर तर सरत आलेला.

संशय एकाच घरावर होता. शेजारच्या रुखमाबाई पहाटे परडी घेऊन निघत आणि ज्याच्या त्याच्या कुंपणावरून देवासाठी फुलं खुडत.

‘‘बाई, तुमच्या देवाले आमच्या घरचं फूल चालते का?’’ त्याने एकदा कुंपणावरून खडा टाकून पाहिला.

‘‘न चालाले का झालं? देव का क्वार्टर नंबर इचारते?’’ रुखमाबाई हसल्या. ‘‘पण लिली कोण वाह्यते देवाले, भाऊ?’’

ते हसणं त्याला बनावट वाटलं.

कंपनीच्या बसमध्ये सोबत काम करणारा मुखरू म्हणाला, ‘‘नूरभाऊ, फुलाले टॅग लावून राह्यले म्हणते! आता कामाचं परमिट बी काढा.’’

‘‘चोर सापडू दे. मंग हास.’’

शुक्रवारी त्याची सुट्टी होती. दोनच फुलं उरली होती. दिवसभर तो खुर्ची टाकून समोर बसला. जुम्म्याच्या नमाजाला गेला तोही फाटकाला कुलूप घालून, आणि आल्या आल्या मोजलं. दोन. ऊन उतरल्यावर तो मुद्दाम घरात गेला आणि पडद्याआड उभा राहिला.

दिवस बुडता बुडता फाटक वाजलं. रुखमाबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी सरळ टॅगच्या वरचं फूल खुडलं.

‘‘सापडल्या!’’ तो बाहेर धावला. ‘‘हात लावू नये, लिवलं हाय ना बाई त्याच्यावर!’’

‘‘मले कुठी वाचता येते, भाऊ?’’

त्यांनी मूठ उघडली. आत ओल्या चिंधीसारखा चिकट गोळा होता. त्याने दांड्याकडे पाहिलं. दुसरं फूलही तसंच मिटून लोंबत होतं.

‘‘सकाळी उघडते, दिवस बुडला का मरते. एकच दिवस असते ह्याचा. सुकलेलं काढलं नाई, तं बोंड धरते अन् झाड थकते. नजमाबाई दवाखान्यात निघाली तवा म्हणे, रुखमाबाई, तेवढं रोज काढत जा.’’

‘‘तुम्हाले म्हणे? मले काऊन नाई सांगितलं तिनं?’’

रुखमाबाईंनी मुठीतलं फूल पदराच्या टोकात बांधलं. ‘‘तुम्ही कधी इचारलं का, भाऊ?’’

दुसरं सुकलेलं फूल काढायला त्याने हात घातला. तीस वर्षं पाना फिरवलेली बोटं; फुलासोबत शेजारची टपोरी कळीही कट्कन तुटून हातात आली.

रुखमाबाईंनी बाकीच्या कळ्या चाचपल्या. तांदळाएवढ्या होत्या.

‘‘उद्याची तेवढीच होती,’’ त्या हळूच म्हणाल्या. मग त्याच्या तोंडाकडे पाहून, ‘‘पाण्यात ठेवा. उमलते पाण्यात बी.’’

‘‘किती वेळ राहते?’’

‘‘दिवस बुडेपर्यंत.’’

नजमाच्या औषधाच्या ग्लासात पाणी घेऊन त्याने कळी खिडकीत ठेवली. तहसीनची बस उद्या दुपारी चारला पोचणार होती.

मग तो बाहेर आला आणि दांड्यांवरचे टॅग एकेक करून सोडू लागला.