एक दिवस पुढे गेलेला शिक्का

दिवसाच्या पट्ट्यावर एकतीस आकडे, महिन्याच्या पट्ट्यावर बारा नावे, वर्षाच्या पट्ट्यावर बारा वर्षे. त्यांच्या वर कधीही न फिरणारा एकच शब्द: 'मिळाले'. मित्रांनो, एवढाच माझा संसार. विमा दलालाच्या कचेरीत, आवक टेबलावर बसणारा मी तारखेचा शिक्का. बारांपैकी नऊ वर्षे वापरून झाली आहेत.

माझे काम दिसायला सोपे. कारखान्यात नवा माणूस रुजू झाला, की आरोग्यविम्यासाठी तीस दिवसांच्या आत त्याचे आणि कुटुंबाचे नाव आमच्याकडे यायला हवे. आले, की माझा ठसा. विमा कंपनी माणसाचे तोंड पाहत नाही, माझा ठसा पाहते.

मला हाताळणाऱ्या ताई मोठ्या टापटिपीच्या. सकाळी घाई नको म्हणून रोज चार वाजताच त्या माझी तारीख एक घर पुढे फिरवून ठेवत. कचेरीत त्यांना 'उद्याताई' म्हणत. त्यांचे वयही आमच्यापेक्षा एक दिवस जास्त असणार, अशी थट्टा चाले. त्याही हसत. चारनंतर सहसा कोणी येत नसे.

तेरा जूनला चार वाजून चाळीस मिनिटांनी एका कारखान्याचा शिपाई अर्ज घेऊन आला. पंधरा मेला रुजू झालेल्या क्रेनचालकाचा अर्ज. तो दिवस धरून हा तिसावा. ताईंनी शिपायाच्या पोचवहीत हाताने तारीख आणि वेळ लिहिली, सही केली आणि अर्जावर मला दाबले. उमटले चौदा जून.

महिन्याने क्रेनचालक टेबलासमोर उभा होता. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती, बावीस जुलैला. अर्ज एकतिसाव्या दिवशी आला म्हणून कंपनीने तिचे नाव नाकारले होते, आणि कंपनीच्या हमीशिवाय रुग्णालय ती तारीख दुसऱ्याला देणार होते.

"ताई, कागद तर वेळेत दिला होता ना?" तो एवढेच म्हणाला.

ताईंनी ठसा पाहिला, पोचवही मागवली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

कचेरीच्या साहेबांनी दार लावून घेतले. नवा अर्ज भरून घ्या, म्हणाले. "दिवस आणि महिना एकेक घर मागे घ्या, बस. कोणाला पत्ता लागतोय?"

ताईंचा अंगठा माझ्या चाकावर आला. दाते करकरले. तेरा अर्धा वर आला आणि तिथेच थांबला.

"हा खोटं बोलला तो माझ्यामुळे, साहेब. पुन्हा नाही बोलायला लावणार."

साहेब चिडले. नोकरीवर बेतेल, हेही त्यांनी ऐकवले. ताईंनी वर्षभराचे अर्ज काढून आवक वहीत हाताने लिहिलेल्या तारखांशी ताडले. उद्याची तारीख पडलेले एकसष्ट निघाले. ती यादी, पोचवहीचे पान आणि स्वतःच्या सवयीचा लेखी कबुलीजबाब त्यांनी त्याच दिवशी कंपनीकडे पाठवला.

नंतरचे चार दिवस त्यांनी मला सकाळी नऊलाच फिरवले, कोऱ्या कागदावर ठसा घेऊन, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून. मित्रांनो, मला तेल नसले तरी चालेल, शाई थोडी कमी पडली तरी चालेल. पण दाबण्यापूर्वी माझ्याकडे एकदा बघा. मला स्वतःला आज कोणता वार आहे, ते कळत नाही.

पाचव्या दिवशी पत्र आले. ताईंनी माझी तारीख तपासली आणि त्यावर मला दाबले: मिळाले, एकोणीस जुलै. मग त्यांनी घडी उघडली.

अर्ज पोचल्याचा दिवस: तिसावा. पत्नीचे नाव: मंजूर.