आप्पांचा अर्धा चमचा

मला कढई म्हणालात तर याद राखा. मी तवा आहे. खोलगट आहे, एका बाजूला लांब दांडा आहे, बुडाला काळाकुट्ट आहे, पण तवा तो तवाच. ऐकायचं असेल तर बसा, नसेल तर चालू लागा. गोड बोलणं मला जमत नाही. मला घडवलंच ठोकून ठोकून.

लोहाराने पत्रा लालभडक केला आणि हातोड्याने खोल करत नेला. त्याचे घाव अजून माझ्या पाठीवर आहेत. त्याच्याकडून मला उचललं ते जहाजावरच्या एका आचाऱ्याने. कडेवर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हा चालेल. ह्याच्यात रग आहे." त्या माणसाला पुढे सगळे आप्पा म्हणायला लागले. माझा जन्म त्याच्या घरात गेला.

जहाजाच्या भटारखान्यात पूर्वेकडच्या मुलखांतले आचारी होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. शिव्या तेवढ्या सगळ्यांना कळायच्या. त्यांच्यातच आप्पा पांढरा मासा शिकले. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

माशाचे जाड तुकडे फडक्याने कोरडे ठणठणीत करायचे. मला धूर निघेपर्यंत तापवायचं, तेल सोडायचं आणि मासा कातडीच्या बाजूने ठेवायचा. मग गप उभं राहायचं. मासा सुटायचा तेव्हा आपणहून सुटतो, ओढला की फाटतो. तो काढून ठेवला की त्याच तेलात आलं, लसूण, हिरवी मिरची, गवती चहाचा ठेचलेला देठ. त्यावर पालेभाजी. पालक, माठ, मोहरीचा पाला, कांद्याची पात, जे ताजं असेल ते. टोपलीभर पाला माझ्यात पडतो आणि बघता बघता मूठभर होतो. मग मासा वर, लिंबू, तिळाच्या तेलाचे चार थेंब आणि सगळ्यात शेवटी माझ्या कडेवरून सोयाचा काळा रस. घरात त्याला नुसतं 'काळं' म्हणायचे. ते कडेला लागलं की चर्र होतं आणि असा वास उठतो की रस्त्यावरचा माणूस आत वळतो. मिठाचा खडा वेगळा पडत नाही. काळ्यातच मीठ असतं, रगड.

जहाजावरची नोकरी सुटल्यावर आप्पांनी घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली आणि खानावळ काढली. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक खोली. मुलगा दादू मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. आप्पांनी कामाची वाटणी करून दिली. मासा दादूचा, पाला सूनबाईचा. तवा मात्र एकच, मी. दादू मासा काढून बाजूला झाला की ती पुढे सरकायची. शेवटी दोघं माझ्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे. दादू बाटली धरून विचारायचा, "घालू?" ती वास घ्यायची आणि म्हणायची, "घाला." कधी म्हणायची, "थांबा की जरा, गाडी सुटत नाही तुमची." मला ते बरं वाटायचं. कुणाला सांगू नका.

मग आप्पांचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरीणबाई आल्या, छाती तपासली, म्हणाल्या, "काळजाची ताकद कमी झालीय. मीठ बंद."

आप्पा म्हणाले, "मग जेवणही बंदच म्हणा."

"तुम्ही आचारी लोक ऐकणार नाहीच. बरं, दुपारच्या जेवणात तो तुमचा रस अर्धा चमचा. दिवसभरात तेवढंच. त्याच्यावर गेलात तर मला बोलवू नका, सरळ खांदेकरी बोलवा."

तेव्हापासून मधल्या खोलीत आप्पांची खाट लागली, आणि रोज सगळ्यात आधी माझ्यात आप्पांचा वाटा शिजायला लागला. एक तुकडा मासा, मूठभर पाला, अर्धा चमचा काळं. त्यांचं ताट कुणी चाखायचं नाही, हा आप्पांचाच जहाजावरचा कायदा. आजाऱ्याच्या ताटात आचाऱ्याने चमचा बुडवायचा नाही, नाकाने आणि डोळ्याने शिजवायचं. चांगला कायदा होता. त्याच्यावर आग पडो.

आता भांडण सांगतो. पलीकडच्या मुलींच्या वसतिगृहातल्या एक बाई दोनदा आमच्याकडे जेवल्या. तिसऱ्या वेळी दादूला म्हणाल्या, "तुमच्या बायकोला आमच्या स्वयंपाकघराची मुख्य म्हणून घ्यायचंय. हाताखाली सहा बायका असतील. विचारून सांगा."

दादू टेबल पुसत होता. मानही वर न करता म्हणाला, "ती नाही यायची. इथलं कोण बघणार?"

सूनबाई आत पाला निवडत होती. तिने ऐकलं. दादू आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?"

"हो. माझ्यात विचारण्यासारखं आहेच काय."

तो भडकला. म्हणाला, "जायचं तर जा, कोणी बांधून ठेवलंय?" असं बोलायचं असतं का, गाढवा? मीही तापट आहे, पण मी खालचा गॅस बंद झाला की निवतो. हा निवेना. आणि तिने जी गुळणी धरली, ती धरलीच.

त्यानंतर त्या घरात बोलणं चालायचं ते आप्पांच्या खाटेवरून.

"आप्पा, ह्यांना सांगा, गॅस संपत आलाय."

"आप्पा, हिला सांगा, मला डोळे आहेत."

"आप्पा, डोळे आहेत तर पाल्यात माती कशी आली विचारा."

आप्पा म्हणायचे, "अरे, मी आजारी माणूस आहे का टपाल खातं?" हसवायला बघायचे. कोणी हसायचं नाही.

आता माझ्यापुढे दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहीनात. दादू मासा ठेवायचा, काढायचा आणि पुढच्या खोलीत निघून जायचा. मग ती यायची. 'घालू' विचारायचं कुणी आणि 'घाला' म्हणायचं कुणी? दादूला वाटलं, रागाच्या भरात आप्पांचं अळणीच राहील. म्हणून त्याने आप्पांच्या तुकड्याला अर्धा चमचा काळं आधीच, ताटलीतच, चोळून ठेवायला सुरुवात केली. तिच्याकडे पाठ करून. आणि सूनबाईने बघितलं की शेवटी बाटली कुणी उचलतच नाही. तिला वाटलं, हे रागात बापालाही विसरले. तिने दादू बाहेर गेल्यावर माझ्या कडेवरून अर्धा चमचा सोडला.

दोघांचंही चुकलं नव्हतं हो! तेच तर मला पचत नाही. दोघंही म्हाताऱ्याच्या काळजीनेच घालत होते.

पहिल्या दिवशी घास तोंडात गेला आणि आप्पा चघळायचे थांबले. साठ वर्षं जीभ त्याच कामात घातलेला माणूस. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, पुढच्या खोलीकडे बघितलं. आणि ताट चाटूनपुसून संपवलं.

"छान झालंय," म्हणाले.

दोघांनाही ऐकू गेलं. दोघंही आपापल्या जागी खूश.

समोरच्या गाळ्यातला शिंपी हा आप्पांचा जुना दोस्त. एका दुपारी तो खाटेशी येऊन बसला. मी धुऊन मधल्या भिंतीला टांगलेला, सगळं ऐकत होतो.

"आप्पा, पाय बघ तुझे. खांब झालेत नुसते. पथ्य पाळतोस ना?"

आप्पांनी आवाज खाली केला. "मीठ दुप्पट पडतंय. दोघंही घालतात, एकमेकांच्या नकळत."

"अरे मग सांग की!"

"सांगून काय होईल? तो म्हणेल हिने मारलं, ती म्हणेल ह्यांनी. आता एका तव्यात तरी रांधतात. सांगितलं तर ती उद्या उठून जाईल. तिला बोलावणारे आहेत."

"आणि तू मरशील त्याचं काय?"

"मरायचं तर आहेच." मग आप्पा हसले, लाजल्यासारखे. "आणि खरं सांगू? इतक्या दिवसांनी चव बरोबर आलीय रे. तुला आईची शपथ आहे, बोलायचं नाही."

शिंपी घाम पुसत निघून गेला. आणि बोलला नाही. असला कसला दोस्त? शपथ मोडली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

मी काय करणार? मला तोंड नाही. मला एकच गोष्ट येते. दुसऱ्या दिवशी दादूने मासा ठेवला आणि मी तो धरला. सोडलाच नाही. कातडी चिकटवून घेतली, करपवली, धूर काढला. म्हटलं, आता तरी हा ओरडेल, ती येऊन उलटून बोलेल, भांडतील, भांडता भांडता काळ्याचा विषय निघेल. आयुष्यात पहिल्यांदा मी मासा फाडला. माझी अब्रू घालवली.

दादूने मुकाट्याने चुरा खरवडून ताटलीत काढला. सूनबाईने मुकाट्याने त्याच्यावर पाला घातला. काळं घातलं. आप्पा म्हणाले, "छान झालंय." आणि दादूने संध्याकाळी जाडं मीठ आणि तेल घेऊन मला घासघास घासलं, पुन्हा चिकटू नये म्हणून. त्यानंतर मी कितीही धरायचं म्हटलं तरी मासा घसरत होता.

आप्पांची सूज पायांतून वर चढली. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशीला टेकून बसूनच झोपायचे. ऐन जेवणाच्या वेळी एकदा त्यांचा श्वास अडकला. ताट सांडलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, सुई दिली, ताटातला पाला बोटाने उचलून जिभेला लावला आणि किंचाळल्याच, "मीठ किती हे? कोण घालतंय?"

"मीच घालतो," दादू म्हणाला. "अर्धाच चमचा. देवाशपथ, वर थेंब नाही."

"अहो, मी घालते," सूनबाई म्हणाली. "अर्धाच."

पुढच्या खोलीतली गिऱ्हाइकं ताटावरून उठून निघून गेली.

मग इतक्या महिन्यांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "तू घालत होतीस?"

"तुम्ही घालत होतात? मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस?"

आप्पांनी हात वर केला. काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण श्वासाला जागा नव्हती. दोघांनी कान त्यांच्या तोंडाशी नेले. नुसता घर्र आवाज आला. दोन दिवस ते तसेच होते आणि मग गेले. आपल्याला माहीत होतं, आपण मुद्दाम खाल्लं, हे त्यांना सांगता आलं नाही. ते त्यांच्याबरोबर गेलं.

सूनबाई घर सोडून गेली नाही. वसतिगृहाच्या बाई भेटायला आल्या होत्या, जागा अजून रिकामी आहे म्हणाल्या. दादू स्वतः म्हणाला, "जा. तुझा हात मोठा आहे." तिने मान हलवली. "मी आता दुसऱ्याच्या लेकरांना काय घालू," म्हणाली. खरं म्हणजे मरताना आप्पांना हेच हवं होतं, ती घरात राहावी. राहिली. पण असं राहणं त्यांनी बघितलं असतं तर त्यांनीच तिचा हात धरून तिला वसतिगृहाच्या फाटकाशी सोडलं असतं.

काळ्याची बाटली दादूने मोरीत ओतली. दुसरी आली नाही. मासा आता नुसता शिजतो, पाला नुसता मऊ होतो. आलं, लसूण सगळं पडतं, पण जीव नाही त्यात. माझी कड कोरडीच तापते. चर्र होत नाही. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग टेबलावर मीठ मागायला लागली, मग यायची बंद झाली. आता पुढची टेबलं एकावर एक रचून ठेवलीत. मी दोघांपुरताच गॅसवर चढतो. दोघं बोलतात, म्हणजे बोलायला लागले ते कायमचेच.

"मीठ घातलंस?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

रोज एवढंच. मग दोघं अळणी घास गिळतात आणि ज्याचा त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनात चालू राहतो, की आप्पा माझ्याच अर्ध्या चमच्याने गेले.

माझंही आता फार राहिलं नाही. कुणी तेल चोळून ठेवत नाही, तसा कडेला गंज चढायला लागलाय. चढू दे. मला माझं काही नको. मला फक्त तो शिंपी हवा. त्याने ह्या दारात यावं आणि दोघांना समोर बसवून सांगावं की म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं, आवडीने खात होता. एवढं एक वाक्य. मेलेल्या माणसाची शपथ किती दिवस उराशी धरून बसणार आहेस रे भित्र्या?

गाळा समोरच आहे. त्याची मशीन मला ऐकू येते. मधेच थांबते, तेव्हा वाटतं, उठला, चप्पल घातली, निघाला. मी ऐकत राहतो.

मग ती परत सुरू होते.