पिशवीत कोंबलेली माकडटोपी

मित्रांनो, मी एक जुनी माकडटोपी आहे. रेवदंड्याच्या उकाड्यात कुणी लोकर घातलेली दिसली की तुम्ही हसता. हसा. मी मात्र भयंकर चिडलेली आहे.

पहाटे होडीवर जाणाऱ्या एका आजोबांनी मला विकत घेतलं. त्यांची चिमुरडी नात राही एकदा मासळीच्या लिलावात कान दाबून जमिनीवर लोळली. आजोबांनी मला तिच्या कानांवर ओढलं, तशी ती निवली. तेव्हापासून मी तिची. मिक्सर, फटाके, लिलावाचा कालवा, जमेल तेवढं मी अडवलं. तिची जेवायची जागा बदलली तरी ती कोलमडायची. आई नलूला हे सगळं ठाऊक होतं, पण ती झाकून ठेवायची. पोरीचं लग्न व्हायचं होतं ना.

राही पंचविशीत आली. चुलतबहीण क्रांतीच्या हळदीला डीजे लागला. पाहुण्यांत शोभा नको म्हणून नलूने मला काढून ठेवलेलं. राहीने सोसलं, सोसलं आणि मग किंचाळून वायरच उपटली, अडवायला आलेल्या क्रांतीला ढकललं. बायका म्हणाल्या, क्रांतीचं जमलं म्हणून जळते.

नलूने तिला अलिबागला मनाच्या एका डॉक्टरांकडे नेलं. नेताना मुलगी दाखवायला निघाल्यासारखी नटवली. गजरा, बांगड्या सगळं. मी पिशवीत, सुकटीच्या पुडीखाली. लहानपणी कशी होती, असं डॉक्टरांनी विचारलं, तर नलू म्हणाली, "गुणाची. कसला तरास न्हाय." त्यांनीही पुढे खोदलं नाही. जिवलग बहीण सोडून चालली म्हणून हा आकांत, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार, असं सांगून मोकळे झाले. घरी त्याचा अर्थ एकच लागला, पोरगी नाटकी. तिने कान दाबले की घरचे तोंड फिरवायचे. तिने बोलणं सोडलं, मग जेवणही.

माझा राग त्या विकारावर नाही. तो असलेली माणसंही नाटक करत नाहीत, त्यांची तगमग खरीच असते. पण दुखणं कुठलं ते न बघता नाव ठेवायचं?

जेवण सुटलं तशी घाबरून नलूने तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे, एका मॅडमकडे नेलं. तिथे राही मला घालूनच गेली. नलूचा हात माझ्याकडे आला, तो राहीने झटकला. किंचाळण्याआधी नेमकं काय वाटत होतं, बहीण जाणार याची भीती होती का, असं मॅडमनी विचारलं.

"क्रांती गेली तरी चालेल," राही म्हणाली. "तो आवाज जायला हवा होता."

हे कधीपासून, असं मॅडमनी नलूला विचारलं. या वेळी ती लिलावापासूनचं सगळं बोलली. मॅडम म्हणाल्या, ही स्वमग्नता वाटते. ही आणि तो विकार, दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून घाई न करता नीट तपासू.

राहीने आईकडे न बघता विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुला कोन करून घेईल, म्हनून गो."

"मग मला तरी सांगायचंस. मला वाटत होतं, मी वाईट आहे."

नलू रडली. मला तिची कीव आली, पण राग गेला नाही. मित्रांनो, कुणी ओरडलं तर आधी काय झालं ते विचारा. कधीपासून, तेही विचारा. आणि आयांनो, डॉक्टरकडे लेकरू आहे तसं न्या. तिथे कुणी पसंत करायला बसलेलं नसतं.