फरशी आणि पट्ट्या

५ फेब्रुवारी. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला. त्या दिवशी माझा आकार बदलला, म्हणून तारीख लक्षात आहे.

मी एक उरलेली फरशी बोलतेय. पांढरी, चौकोनी, चारी बाजू सारख्या. न्हाणीघराची भिंत पुरी झाली आणि आम्ही तिघीजणी उरलो. भिंत लावणारा घरधनीच होता, धंद्याने फरशीवाला, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला. म्हणाला, "जास्तीच्या असू द्याव्यात. फुटली की तशीच दुसरी मिळत नाही." आम्हांला त्याने ओट्याखाली सरकवलं. पुढे तो कामावर परांचीवरून पडला आणि गेला.

त्याच्या जागी बायकोला खात्यात नोकरी मिळणार होती, शाळेची शेवटची परीक्षा पास झाली तर. बाकीचे विषय सुटले होते. गणित दोनदा राहिलं होतं, आणि ही शेवटची खेप होती. ती रडायची नाही. जेवायची, भांडी घासायची, पुस्तक उघडून बसायची. मलाही ऊन-थंडी सारखीच, त्यामुळे आमचं बरं जमलं.

शिकवायला धाकटी नणंद यायची. तोंडाने फटकळ. त्या दुपारी तिने 2x² + 3x ही बेरीज घातली. हिने लिहिलं, 5x³.

"वहिनी, तिसऱ्यांदा तेच. आता मी डोकं कुठे आपटू?"

"भिंत आहे ना. तुझ्या भावानेच लावलीय, पक्की आहे."

नणंद ओट्याकडे वळली. मग तिने आम्हांला बाहेर काढून जमिनीवर मांडलं.

"हिची बाजू किती?"

घरधनीण टेप आणायला उठली.

"बस गं. मोजू नकोस. न मोजलेली बाजू म्हणजे x, असेल तेवढी असेल. लांबी x, रुंदीही x, म्हणून आख्खी फरशी x². डोक्यावरचा दोन तेवढंच सांगतो. अशा दोन घेतल्या की 2x². पुढचा आकडा म्हणजे नुसते नग."

"आणि नुसता x?"

"पट्टी. लांबी तेवढीच, रुंदी एक, समज एक बोट."

ती उठली. माळ्यावर नवऱ्याची हत्यारांची पेटी होती. तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तिने कटर काढून फडक्याने पुसला.

"वहिनी, राहू दे. कागद कापू."

"कागद नको."

तिने माझ्यावर रेघ ओढली आणि दाबलं. कट्. पुन्हा रेघ, पुन्हा कट्, असं तीनदा; उरलेला तुकडा बाजूला ठेवला. माझा डोक्यावरचा दोन गेला. दुखलं नाही.

दोन आख्ख्या बहिणींशेजारी तिने माझ्या तीन पट्ट्या ठेवल्या.

"आता सांग, हे पाच काय?" नणंदेने विचारलं.

तिने बोट लावून एकेक मोजलं. "पाच काहीच नाही. दोन फरश्या, तीन पट्ट्या."

"मग बेरीज?"

"होत नाही. आहे तसंच राहतं."

"तसंच लिही मग."

तिने लिहिलं. कटर परत माळ्यावर गेला नाही.

मी आता ओट्याखाली पट्ट्या होऊन पडून आहे. भिंतीतली एखादी फुटली तर माझा उपयोग नाही. तुमच्या घरी एखादी उरलेली फरशी असेल तर टाकू नका, आणि तिला लगेच मोजूही नका.

निकाल ९ जूनला लागला. गणितात शंभरपैकी छत्तीस. पास व्हायला पस्तीस लागतात. १ जुलैला ती कामावर रुजू झाली.